चिंचेच्या पाण्यातली रोमन नाणी

विजयाताईंनी डब्याचं झाकण काढलं आणि मला आधी चिंचेचा वास आला.

"धुतलीत का?" मी विचारलं.

"चारच. तांब्याची भांडी घासतो तशी. बघा, कशी चकचकीत निघालीत."

निघाली होती खरी. तांब्याच्या नव्या तारेसारखी लालभडक. वरचे चेहरे मात्र गेले होते. नाक होतं तिथे नुसता उंचवटा.

मी मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेटर होते. म्हणजे जुन्या वस्तू नव्या करणारी नव्हे, आहेत तशा टिकवणारी. रिटायर झाल्यावर रत्नागिरीला आले आणि मागच्या खोलीत मायक्रोस्कोप मांडला. ओळखीतून कुणी ना कुणी काहीतरी घेऊन येतं.

विजयाताई निवृत्त शिक्षिका, नाटे बंदराजवळच्या एका गावच्या. त्यांचे वडील मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होते. तरुणपणी तुर्कस्तानातल्या एका बंदरावर त्यांनी फेरीवाल्याकडून ही नाणी घेतली. बहुतेक शर्टाच्या बटणाएवढी, काळी, मातीने भरलेली. फार जुन्या राजांची आहेत असं त्यांनी घरी सांगितलं आणि कुणाला ते पटलं नाही. विजयाताईंच्या भावाने त्यातलं एक मुंबईत सोनाराला दाखवलं. तो म्हणाला, भंगार आहे. तेव्हापासून बाबांना बंदरावर टोपी घातली, हा घरातला ठरलेला विनोद.

"बाबा नव्वदीकडे आलेत," विजयाताई म्हणाल्या. "बुद्धपौर्णिमेला सगळे गावी जमतात. तेव्हा काय ते कळू दे. खरी असली तर फ्रेम करून देऊ."

"आणि खोटी निघाली तर?"

"मग त्यांना सांगू नका."

मी डबा ठेवून घेतला. चिंच बंद, एवढं मात्र बजावून सांगितलं. जुन्या तांब्याच्या नाण्यावर शेकडो वर्षांत एक थर धरतो. त्याला आम्ही पॅटिना म्हणतो. तो मळ नव्हे. कित्येकदा अक्षरं आणि चेहरा त्या थरातच उरलेला असतो, खालचा धातू केव्हाच गंजून गेलेला असतो. थर काढला की राजाही जातो.

मायक्रोस्कोपखाली पहिली काळजी वेगळीच निघाली. काही नाण्यांवर फिकट हिरवी पूड होती, खडूच्या भुकटीसारखी. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. धातूत मीठ अडकलेलं असतं. हवेतला ओलावा मिळाला की ते आतून पोखरायला लागतं. रत्नागिरीत ओलाव्याला काय तोटा? ती नाणी मी लगेच वेगळी काढली.

मग डिस्टिल्ड वॉटर. नाणी बुडवून ठेवायची, पाणी बदलायचं, पुन्हा ठेवायची. आजारी नाण्यांना वेगळं औषधपाणी. माती मऊ झाली की बांबूची काडी आणि करवंदीचा काटा. स्टीलची सुई मी शक्यतो हातात घेत नाही, एक ओरखडा कायमचा राहतो. एका नाण्याला कधी कधी पूर्ण दुपार जाते.

विजयाताई मधूनमधून येऊन बघायच्या.

"अजून काळीच?"

"काळीच राहणार."

"मग तुम्ही केलंत काय?"

मी त्यांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "अहो, याच्या कपाळावर मोती आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

होतेच. मोत्यांची पट्टी बांधलेला रोमन सम्राट. मागच्या बाजूला भाले घेतलेले दोन शिपाई, मध्ये निशाण. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची चिल्लर. त्या घराण्यात बापलेकांची नावं इतकी सारखी की अर्धं नाव उरलं तर नेमका कोण ते ठरत नाही. मी रिपोर्टमध्ये घराणं लिहिलं, राजा लिहिला नाही.

काही नाणी मोठी आणि जाड होती. ती नंतरची, बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडे उरलेल्या रोमन साम्राज्याची. त्यांच्या पाठीवर इंग्रजी एमसारखं भलंमोठं अक्षर असतं. ते ग्रीक अक्षर, आणि ग्रीक लोक अक्षरंच आकडे म्हणून वापरायचे. एम म्हणजे चाळीस, ही त्या नाण्याची किंमत.

अडचण एकाच नाण्याने केली. डब्यातलं सगळ्यात देखणं, रुपेरी. जुनी नाणी दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकत, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार असतात. याच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल होत्या. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि काठावर कानशीने घासलेला सांधा. म्हणजे साच्यात ओतलेलं. नकली.

मी विजयाताईंना फोन केला.

"नेमकं तेच?" त्या म्हणाल्या. "ते बाबांचं आवडतं आहे. लहानपणी तेवढंच आमच्या हातात द्यायचे. मॅडम, रिपोर्टमधून ते वगळा ना."

"एक वगळलं तर बाकीच्यांवरही सही करता येणार नाही मला."

फोन ठेवल्यावर मलाही बरं वाटेना.

बुद्धपौर्णिमेला मी गावी गेले. वंदना झाली होती, खीर वाटून झाली होती. बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. नजर अधू झालेली. मी एक जाड नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठा फिरवला.

"ही एम हाय," ते म्हणाले.

मी चाळिसाचा हिशेब सांगितला, काळ सांगितला, बाकीची नाणीही खरी असल्याचं सांगितलं. मुंबईहून आलेला भाऊ उठून जवळ आला आणि वाकून बघू लागला. बाबा नुसते मान हलवत राहिले.

मग मी रुपेरी नाणं काढलं. "बाबा, हे मात्र नकली आहे."

विजयाताईंनी मान खाली घातली.

"ती व्हय," बाबा म्हणाले. "ती त्यानं फुकट दिलेली, वरती. मी पैसे मोजले ते काळ्यांचे."

"मग आम्हाला खेळायला तेच का द्यायचात?" विजयाताईंनी विचारलं.

"तुमी पोरं. खरी हरवली असतीत तर?"

भाऊ आधी हसला. मग सगळेच.

फ्रेम केली नाही, बाबांना नाणी हाताळायची होती. मी त्यांच्यासाठी मेणाचा पातळ हात दिलेली दोन जाड नाणी बाहेर ठेवली. बाकीची हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या तापवून कोरड्या करायचं काम विजयाताई करतात आणि विसरत नाहीत.

मीही कामात एक बदल केला. कुणी नाणी घेऊन आलं की आधी विचारते, ही विकत घेतली कुणी आणि त्यांच्याशी बोलता येईल का? येत असेल तर पहिल्यांदा तिकडे जाते. वेळ वाचतो.