वरचं

माझ्या सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता वर्ष होऊन गेलं. नगरच्या दवाखान्यातून देवळालीला घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता. तो हळूहळू सुधारला. शब्द मात्र हरवले. आमचं बोलणं त्यांना सगळं समजायचं, पण वस्तूंची नावं तोंडातून येत नव्हती. चष्मा मागायचा तर डोळ्याला हात लावत, गाईला एकदा गाडी म्हणाले. घाई करू नका, त्यांचे शब्द त्यांना शोधू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हे काम घरात माझ्याकडेच आलं.

एके सकाळी सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, मामांपुढे दुधाचा पेला ठेवला. मामांनी त्यात डोकावून पाहिलं आणि तो बाजूला सारला.

"वरचं," ते म्हणाले.

आत्यांनी वर पाहिलं. फळीवर डबे होते. त्यांनी गुळाचा डबा काढून दाखवला, मग शेंगदाण्याचा. मामा मान हलवत राहिले. माझे यजमान आले, त्यांना वाटलं पंखा लावायचा आहे. पंखा लावला, तर मामा चिडले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दूध तसंच निवलं.

पुढचे काही दिवस रोज हेच. आम्ही माळ्यावरची जुनी घोंगडीसुद्धा खाली काढून पाहिली.

"वर काय हाय तरी काय यांचं?" आत्या मला म्हणाल्या. त्या रडवेल्या झाल्या होत्या.

रविवारी मी घरी होते. आत्या तापवून निवलेल्या दुधावरची साय चमच्याने एका कडेला ओढून भांड्यात काढत होत्या. तूप करायला त्या ती साठवतात. मामा काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि डावा हात लांब करून म्हणाले, "वरचं. वरचं."

आत्यांचा हात थांबला.

"साय व्हय?"

मामांनी मान डोलावली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यभर हा माणूस सकाळी साय-साखर आणि भाकरी खाऊन उसात गेलेला. दवाखान्यातून आल्यापासून आत्या त्यांचं दूध साय काढून देत होत्या.

"डॉक्टर न्हाई म्हनलेत," आत्या म्हणाल्या. मामांनी हात मागे घेतला नाही. शेवटी आत्यांनी भाकरीच्या तुकड्यावर थोडीशी साय घालून, वर चिमूटभर साखर टाकून दिली. ते दारातच बसून खाऊ लागले. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "कधीमधी, चवीपुरती द्या. रोज नको."

ते 'वरचं' माझ्या डोक्यातून जाईना. शाळेत मोकळा तास होता तेव्हा कोश उघडून बसले. 'साय'बद्दल समाधान होईल असं काही हाती लागलं नाही. 'मलई'चं मूळ मात्र सापडलं. ते फारसीतलं, बालाई. बाला म्हणजे वर. आपण गडावरच्या सर्वांत वरच्या भागाला बालेकिल्ला म्हणतो, त्यातलंच ते बाला. ब चा म झाला, की मलई. म्हणजे कोण्या एके काळी लोकांनी दुधावर जमलेल्या त्या थराकडे पाहिलं आणि त्याला सरळ 'वरचं' म्हटलं. मामांनी नाव हरवल्यावर नेमकं तेच केलं होतं.

संध्याकाळी मी दोघांना हे सांगितलं. अकोल्याला माझ्या माहेरी मलई हा शब्द फक्त कुल्फीवाल्याच्या तोंडी ऐकला होता, तेही सांगितलं.

आत्या म्हणाल्या, "आपल्याकडं मलई पुढारी खात्यात. आपन खातो ती साय."

मामा हसले. आजारपणानंतर मी त्यांना आवाज करून हसताना पहिल्यांदाच ऐकलं. मग मला बोटाने खूण करून त्यांनी मलई कशी आली ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगत असताना 'बालेकिल्ला' हा शब्द त्यांनी माझ्याबरोबर, थोडा अडखळत, पण पूर्ण म्हटला.

पुढे बरेच शब्द परत आले. गाय गाय झाली, चष्मा चष्मा झाला. साय काही आली नाही, आणि आम्हीही ती आणायच्या मागे लागलो नाही. घरात सगळेच आता वरचं म्हणतात. माझी मुलगी मैत्रिणीकडे जेवायला गेली, तिथे तिने दुधावरचं वरचं मागितलं आणि त्या बाईंना कळेना.

मामा हल्ली गोठ्यापर्यंत एकटे जातात. परवा दूध काढून झाल्यावर चरवीत पाहत यजमानांना म्हणाले, "या जर्सीचं वरचं लई पातळ. म्हैस घ्या एक."

यजमान तिसगावच्या ओळखीच्या माणसाशी म्हशीचं बोलून आलेत. आत्यांचा विरोध आहे, शेण कोण काढणार म्हणून.