धायटीची फुलं आणि पेठच्या वाटेवरची एक माफी

चूक माझी होती, म्हणून मीच जायचं ठरवलं. गेल्या मार्चात पेठजवळच्या एका पाड्यावरून धायटीची लाल फुलं आणली होती. पोट बिघडलं की तिथल्या औषधं देणाऱ्या जिवलीमावशी तीच देतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांचा अर्क तपासला आणि त्यांच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठ्या ऐटीत टाकलं, ‘या फुलांत विशेष काही सापडलं नाही.’

यंदा ड्रॉवर आवरताना कागदाची पुडी सापडली. निघताना मावशींनी माझ्या पोटासाठी दिलेली, त्यांनी स्वतः वाळवलेली फुलं. सहज अर्क काढला. अँटिऑक्सिडंट तपासायचं द्रावण जांभळं असतं. अर्कात दम असला की ते पिवळं पडतं. हे तर बघता बघता पिवळं झालं! मग आठवलं. गेल्या वर्षी तपासायची फुलं मी ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सुट्टीला गेले होते. काळवंडली, तशीच ओव्हनमध्ये भाजली. डोकं गहाण ठेवलं होतं की काय मी!

शनिवारी सकाळी नाशिकहून पेठची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सुटे पैसे ठेवा. सावळघाटात पोट डचमळतं, रिकाम्या पोटी बसू नका. करंजाळीला उतरून चहा-वडा घेतला. पुढे जीप भरल्याशिवाय हलत नाही. तासभर धरूनच चाला. जांभळ्या द्रावणाची बोटभर बाटली उजेड लागू नये म्हणून चांदीच्या कागदात गुंडाळून मांडीवर धरली होती.

दारात मावशींची सून यमुना भेटली. हसली नाही.

“तुमचा मेसेज फिरला आन् माणसं यायची बंद झाली, ताई. मला शिकायचं व्हतं. आई म्हनतात, खोटी ठरलेली विद्या कशाला शिकतीस?”

मावशींना आता धड दिसत नाही. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पिशवी, सुट्टी, ओव्हन. मग बाटलीत अर्काचे थेंब सोडले. मावशींनी ती डोळ्याला लावली.

“जांभळं गेलं की गं!”

“गेलं, मावशी. पण बाटलीतला रंग उतरला म्हणजे माणूस बरा होतो, असं नाही. त्याला अजून लय तपासावं लागतं. एवढंच खरं, की फुलांत कस आहे आणि मी खोटं बोलले.”

त्यांनी बाटली चाचपत माझ्या हातात परत दिली. मग म्हणाल्या, “फुलं कोंडू नये, हे मी तुला सांगलंच नाय. वाटलं, एवढी शिकलेली, तिला ठावं असंल.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला रडू आवरलं नाही.

यमुनेनं नागलीची भाकरी आणि खुरसणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी वाढली. जेवण झाल्यावर मावशी म्हणाल्या, “ज्या फोनवर लिवलंस, त्याच फोनवर परत लिव.” पाड्यात रेंज नाही. यमुनेबरोबर तासभर टेकाड चढले आणि वर उभी राहून लिहिलं, ‘चूक माझी होती. फुलं मी नासवली.’ उतरून आलो तेव्हा मावशी अंगणात फुलं वाळवायचं सूप चाचपत होत्या.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. जुना मेसेज गावोगाव पोचला होता. माफीच्या मेसेजला दोन अंगठे आले, बस्स. माझ्या प्रबंधात ‘फुले वाळवली’ एवढंच होतं, ते खोडून लिहिलं, ‘सावलीत, सुपात पसरून, रोज हाताने परतून, पद्धत सांगणाऱ्या जिवलीबाई.’ मार्गदर्शक सरांनी विचारलं, हे कशाला? म्हटलं, तेच तर राहिलं होतं.

काल यमुनेचा फोन आला, टेकाडावरून. वारा ऐकू येत होता.

“कुणी आलं का गं?” मी विचारलं.

“अजून नाय, ताई.” मग म्हणाली, “पन आज फुलं मी एकटीनं परतली. आई नुसत्या बाजूला बसून व्हत्या.”