पिंडारी नव्हे, पिंडर

मोकाट गाय फाटकात शिरली तर डोरोथीबाई तिला हाकलायच्या नाहीत. बादलीभर पाणी ठेवायच्या, तिचं कपाळ खाजवत विचारायच्या, "कुणाची गं तू? न्यायला कोणी येणार का?" आणि मालक येईपर्यंत ठेवून घ्यायच्या. देवासला आमच्या भिंतीला भिंत लागून घर त्यांचं. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न नाही, मागेपुढे कोणी नाही.

आडनाव पिंडर. पण आमच्या माळव्यात पिंडर कोण म्हणणार हो? पेंढाऱ्यांच्या लुटीच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं आम्ही. सगळ्यांनी पिंडारी करून टाकलं. किराणावाला तर त्या दिसल्या की ओरडायचा, "गल्ला सँभालो भिया, पिंडारी आ गई!" लोक हसायचे. त्याही हसायच्या, पण घरी आल्यावर पुढ्यातला चहा तसाच निवून जायचा.

एकदा मीच विचारलं, "बाई, हे नाव आलं कुठून?"

"डॅडी सांगायचे वहिनी. इंग्लंडच्या खेड्यांत सुटलेली ढोरं कोंडून ठेवायची जागा असायची. तिच्या रखवालदाराला पिंडर म्हणत. त्याच्या पोराबाळांना तेच आडनाव लागलं."

"अगंबाई, म्हणजे तुम्ही कोंडवाडेवाले!"

"हां, कांजी हाउसवाले!"

पोट दुखेस्तोवर हसलो. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "लुटारू नाही हो वहिनी. हरवलेलं सांभाळायचं, मालक आला की सोपवायचं. पण ज्याला न्यायला कुणीच येत नाही, त्याचं पुढे काय होतं, ते डॅडींनी कधी सांगितलं नाही."

पुढे अंथरूण धरलं तेव्हा ताप चढला की हेच. "वहिनी, मला न्यायला कोण येईल?" मी रागवायची, "गप्प बसा. मी काय मेलेय?"

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. एका सकाळी पेज घेऊन गेले, तर खाट रिकामी. पहाटेच गेल्या होत्या. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "वो पिंडारी अम्मा? उनका तो कोई है नहीं. लावारिस में जाएगी."

"पिंडारी नहीं भिया, पिंडर."

"आप कौन लगती हैं उनकी?"

ना नातं, ना गोतं. पेजेचा डबा अजून गरमच होता. तो पदराखाली धरला आणि म्हटलं, "लेने आई हूँ."