खुर्चीची भाषा

आमच्या रस्त्यावर तिला सगळे रेडिओ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ‘ओ’ही देते. तळमजल्यावरच्या एका खोलीत तिचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, केस धुवायचं बेसिन आणि कोपऱ्यात लेकीचं बुटकं स्टूल. तोंड चाललं नाही तर तिची कात्रीच अडते. मागे एकदा घसा बसला होता, तेव्हा तिनं पार्लर चक्क बंद ठेवलं. घसा सुटल्यावर म्हणाली, “मुक्यानं कापले असते तर वाकडे गेले असते. मग तुमच्या शिव्या कोण खाणार?”

मी तिच्याकडे केस रंगवायला जाते, तशी बातम्या ऐकायलाही जाते. कोणाची सून रुसलीये, कोणाच्या घरमालकानं पाणी तोडलंय, सगळं तिथं कळतं. पण तिच्या बोलण्यात विष नाही. एखादी बाई घरून रडून आलेली असली तर रेडिओ काही विचारत नाही. तिला बेसिनपाशी नेते, मानेखाली टॉवेल ठेवते आणि कोमट पाण्यानं सावकाश केस धुते. उठताना ती बाई निदान हसते तरी.

लेकीशी तर ती पाळण्यापासून बोलत आली. “ठकूबाई, बघा, काकूंच्या डोक्यावर ढग आला! आता पाऊस पाडू का?” ठकू स्टुलावरून हुकूम द्यायची, “पाडा!” दोघींचं हे असं दिवसभर चालायचं. ठकूला आम्ही ट्रान्झिस्टर म्हणायचो.

नवरा जहाजावर इंजिनखोलीत काम करतो, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. ठकूचं शाळेचं वय झालं तेव्हा त्यानं फोनवरून एकच धोशा लावला. पहिल्या दिवसापासून दुसरी भाषा शिकवतात, त्याच शाळेत घालायचं. “मला त्या भाषेतले हुकूम तेवढे कळतात,” तो म्हणाला होता. “वर जा, खाली ये, झडप बंद कर. उलट बोलायला एक वाक्य येत नाही. माझ्या पोरीला उलट बोलता आलं पाहिजे.”

पार्लरमध्ये यावर मोठी चर्चा झडली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, “घाल गं घाल. कान कोवळे असतात तोवर पटकन जातं. मी नोकरीला लागल्यावर शिकले, अजून फोन आला की घाम फुटतो.”

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना पटलं नाही. “अहो, शू लागली हे आपल्या भाषेत सांगायला आत्ता कुठं शिकलीये ती. परत पहिल्यापासून?”

“दोन कान आहेत की तिला,” रेडिओ म्हणाली.

“आणि जीभ?”

“जीभ माझी घेईल!”

हसण्यात विषय संपला आणि ठकू त्या शाळेत जाऊ लागली.

काही महिन्यांनी वर्गबाईंनी रेडिओला बोलावलं. मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, म्हणाल्या. घरी फक्त शाळेची भाषा बोला. दुसरा शब्दही नको, मुलांचा गोंधळ होतो. सहामाहीपर्यंत बोलली नाही तर जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. गंमत म्हणजे हे सगळं त्यांनी रेडिओला आपल्या भाषेतच सांगितलं, नाहीतर तिला कळलं नसतं.

कारण रेडिओला ती भाषा येत होती ती खुर्चीपुरती. पलीकडच्या कचेऱ्यांतल्या परक्या बायका केस कापायला यायच्या, त्यांच्यामुळे कानावर पडलेली. बसा. मान खाली. डोळे मिटा. हलू नका. झालं, उठा. एवढ्या भांडवलावर तिनं त्याच संध्याकाळी घर चालवायला घेतलं.

मी पाहिलं ते असं. ठकू शाळेतून आली. रेडिओ माझ्याशी पोटभर गप्पा मारत होती, कसल्याशा गोष्टीवर आम्ही दोघी खो खो हसत होतो. ठकू दारातून म्हणाली, “आई, आज ना—” रेडिओचा चेहरा एकदम परीक्षेला बसल्यासारखा झाला. त्या भाषेत म्हणाली, “बस.” ठकू बसली. “हलू नको.” मग माझ्याकडे वळून पुन्हा आपल्या भाषेत, “हां, तर काय सांगत होते...”

पोरगी स्टुलावरून नुसती बघत राहिली.

“अगं, फार कडक वाटतं ते,” मी म्हटलं.

“वहिनी, जागा गेली तर त्याला काय सांगू? तो तिथं जहाजावर दिवस मोजतोय.”

मी तिला चार गोड वाक्यं शिकवली. भूक लागली का, आज काय खेळलीस, अशी. ती घोकायची, पण गिऱ्हाईक आलं की विसरायची. एकदा मी विचारलं, “रात्री झोपवताना काय म्हणतेस?”

“डोळे मिटा म्हणते,” ती म्हणाली. “तेवढं येतं मला.”

हळूहळू ठकू घरीही गप्प झाली. आधी प्रश्न बंद झाले, मग उत्तरं. काही हवं असलं तर बोट दाखवायची. नर्सबाई म्हणाल्या, कानाच्या डॉक्टरांना दाखव. रेडिओनं दाखवलं. कान उत्तम होते. सहामाही जवळ येत होती आणि रेडिओ नियम सोडायला तयार नव्हती. उलट तिनं तो आणखी आवळला. आपल्या भाषेत चुकून एखादा शब्द निघालाच तर स्वतःच्याच तोंडावर हात मारायची.

त्या दिवशी मी खुर्चीत होते, डोक्यावर रंग, त्यावर प्लॅस्टिकची टोपी. फोन वाजला. रेडिओच्या हातात मोजे होते, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला. शाळेतून कोणीतरी त्या भाषेत भराभर बोलत होतं आणि मागून एका मुलीचं रडणं ऐकू येत होतं. रेडिओ माझ्याकडे बघत राहिली.

“ठकूनं एका मुलीला नळाखाली धरलं म्हणतात,” मी म्हणाले. “तिच्या नाकातोंडात पाणी गेलंय. लगेच बोलावलंय.”

तिनं मोजे ओढून काढले. “वहिनी, चला. मला काही कळायचं नाही तिथं.”

मी टोपीवर टॉवेल गुंडाळला आणि निघाले. वाटेत दोन ओळखीच्या बायका माझ्या अवताराकडे बघून थांबल्या. आम्ही थांबलो नाही. रेडिओ पुढे, मी मागे. त्या अख्ख्या वाटेत तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. शाळेच्या फाटकाशी आल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

“फोनवर मागे जी रडत होती ती तीच ना? जिच्या नाकात पाणी गेलं ती?”

“असेल.”

“रडत होती म्हणजे श्वास घेत होती. हो ना?”

“हो गं.”

मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्चीवर एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मुलगी खोकत होती. शेजारी वर्गबाई उभ्या. ठकू भिंतीशी होती. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हात सरळ खाली, नजर जमिनीवर. रेडिओ तिच्याकडे धावली, पण मुख्याध्यापिकांनी हातानं थांबवलं आणि बोलायला सुरुवात केली. त्यांना आपली भाषा येत नव्हती, त्या मुलीच्या आईलाही नाही. मी जमेल तसं सांगत गेले.

ही मुलगी वर्गात बोलत नाही, पण बोलते तेव्हा इतरांना दरडावते. बस, हलू नको, मान खाली. मुलं तिला घाबरतात. आज तिनं या मुलीला हाताला धरून न्हाणीघरात नेलं, बेसिनवर तिची मान मागे वाकवली, कपाळ दाबून धरलं आणि नळ सोडला. शिपाईबाई वेळेवर पोचल्या म्हणून बरं.

“माझी मुलगी गुदमरली असती,” ती आई म्हणाली. “ही वर्गात राहणार असेल तर मी माझी घेऊन जाते.”

मी तेही सांगितलं. रेडिओनं मान हलवली, कळलं म्हणून.

मुख्याध्यापिकांनी ठकूला विचारलं, असं का केलंस? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. ठकूचे ओठसुद्धा हलले नाहीत. त्या रेडिओकडे वळल्या. “तुम्ही विचारा. आणि आमच्या भाषेत विचारा, म्हणजे सगळ्यांना कळेल.”

रेडिओ लेकीसमोर गेली. काय विचारायचं ते तिच्या मनात असणार, पण शब्द कुठले आणणार? घोकलेल्यातलं एकही वाक्य इथं कामाचं नव्हतं. तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं ते एवढंच.

“बस.”

ठकू तिथंच, फरशीवर बसली. तिनं डोळे मिटले. मान मागे टाकली. आणि हलली नाही.

त्या मुलीचा खोकला थांबला होता. रेडिओ त्या वर केलेल्या छोट्याशा हनुवटीकडे बघत होती. मग ती खाली बसली.

“ठकू,” ती आपल्या भाषेत म्हणाली. “ए ठकूबाई. उघड गं डोळे. माझं सोनं ना ते?”

“अहो, ही भाषा नको म्हणून सांगितलंय ना—” वर्गबाई म्हणाल्या. रेडिओनं मागे न बघता हात वर केला. गप्प राहा, असा.

ठकूनं एक डोळा उघडला. मग दुसरा. आईचा चेहरा नीट न्याहाळला.

“तुझा राग गेला?” तिनं विचारलं.

“कसला राग?”

“माझ्यावरचा. सगळ्यांशी बोलतेस. माझ्याशीच नाही.”

रेडिओनं पोरीला जवळ ओढून घेतलं. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तिच्या डोक्यावर पाणी का सोडलंस गं?” रेडिओनं विचारलं.

“ती रडत होती. सकाळपासून. मग मी तिचे केस धुतले. तुझ्याकडे रडत येतात ना, त्या धुतल्यावर हसतात.”

“नाकात पाणी कसं गेलं मग?”

“हलली ती. मी सांगितलं होतं, हलू नको.”

“आणि मानेखाली टॉवेल कोण ठेवणार? मी?”

ठकू विचारात पडली. “राहिलाच,” ती म्हणाली.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी हेही सगळं सांगितलं, टॉवेलासकट. त्या आईनं आपल्या मुलीला कानाशी काहीतरी विचारलं. मुलीनं मान डोलावली. हो, रडत होते. बाईच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला, पण तिनं मुलीभोवतीची मिठी काही सैल केली नाही. तिचं तरी काय चुकलं?

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “ठीक आहे. पण या मुलीला तुमची भाषा समजत नाही. तिला घाबरवलंय, तर तिला कळेल असं हिनंच सांगायला हवं. मध्ये कोणी नको.”

मी ते रेडिओला सांगितलं. वर्गबाईंचा चेहरा सांगत होता की आता सगळं यावरच आहे. पोरीनं तोंड उघडलं नाही तर सहामाहीची वाट बघायची गरजच नव्हती. रेडिओनं लेकीचे ओले हात आपल्या ओढणीनं पुसले.

“जा. तुला येईल तसं सांग. नाही आलं तर नाही. मी इथंच आहे.”

ठकू चालत त्या मुलीसमोर गेली. उभी राहिली. त्या मुलीनं आईच्या कुशीत तोंड लपवलं.

मग ठकू बोलू लागली. एक वाक्य, दुसरं, तिसरं. अडखळत नव्हे, सरळ, अगदी त्या मुलीच्याच सुरात. वर्गबाईंचा हात तोंडाशी गेला. इतके महिने पोरगी सगळं ऐकत होती, साठवत होती आणि एकही शब्द बाहेर सोडत नव्हती. त्या मुलीनं तोंड वर काढलं आणि काहीतरी विचारलं. ठकूनं उत्तर दिलं. मुलगी खुदकन हसली.

रेडिओ आळीपाळीनं दोघींच्या तोंडाकडे बघत होती. “काय म्हणाली हो?”

मी बोलायच्या आत ठकूच वळली. “मी म्हटलं, पुन्हा नाही धुणार. आणि म्हटलं, ही माझी आई. ती तुमच्या भाषेत बोलली की रागावल्यासारखी वाटते. पण तशी नाहीये. घाबरू नको.”

रेडिओ उठली. ओढणी सारखी केली. मला म्हणाली, “वहिनी, यांना सांगा, शब्द न बदलता सांगा. शाळेची भाषा शाळेत शिकवा, हवी तेवढी शिकवा, शिकेल ती. घरी मी माझीच बोलणार. जागा ठेवायची तर ठेवा, द्यायची तर द्या. जहाजावर काय सांगायचं ते माझं मी बघेन.”

मी सांगितलं. वर्गबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण मुख्याध्यापिकांनी आधी त्या मुलीच्या आईकडे पाहिलं. ती मुलीचे केस टॉवेलानं टिपत होती. तिनं खांदे उडवले, मग हळूच होकारार्थी मान डोलावली. मुख्याध्यापिकांनी चष्मा चढवला आणि त्या ठकूशी दोन वाक्यं बोलल्या.

रेडिओनं या खेपेला माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून लेकीला विचारलं, “काय म्हणतात गं?”

“उद्या ये म्हणतात. पण न्हाणीघरात एकटी नाही जायचं.”

“आणि घरी काय बोलायचं, ते विचार.”

ठकूनं विचारलं. मुख्याध्यापिकांचं उत्तर अगदी छोटं होतं.

“म्हणतात, आईला जिच्यात गप्पा मारता येतात ती.”

“मग चला,” रेडिओ म्हणाली. “आज काय काय खेळलीस? सकाळपासून सांग.” आणि दाराबाहेर पडायच्या आधीच ठकूनं सांगायला सुरुवात केली होती.