पत्रिकेच्या पाठीवरचे टार्गेट

रविवार, सोळा नोव्हेंबर, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. आमच्या रायफल प्रशिक्षकांनी माझे टार्गेट उजेडाकडे धरले, उलटवले आणि ते हसले. "काय गं, हे कुणाचं लग्न?"

लग्न मामेभावाचे. साध्या कागदाला छर्रा लागला की छिद्राची कड फाटते आणि गुण नेमका वाचता येत नाही; लग्नपत्रिकेच्या जाड कागदात छिद्र स्वच्छ पडते. म्हणून आई वरचा गणपती कापून देवघरात ठेवते आणि उरलेल्या कोऱ्या पाठीवर मी कंपासने वर्तुळे काढते.

"घरच्या कागदावर दहा पडतातच," सर म्हणाले. "मी नऊच धरणार."

जिल्हा संघाची निवड याच गुणांवर होते. माझा संताप केवळ त्यासाठी नव्हता. कागद छापखान्यातला की स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा, हे छर्ऱ्याला कुठून कळणार? वर्तुळ चुकले असेल तर चूक दाखवावी. न तपासता एक गुण कापणे ही सावधगिरी नव्हे, आळस आहे. घरी केलेल्या वस्तूचे लोक कौतुक करतात, तिच्यावर शंका घेतात. ती मोजत मात्र नाहीत.

"सर, पट्टी लावून बघा ना."

"त्यात काय बघायचं?" म्हणत त्यांनी नऊ लिहिले.

मग त्यांच्याच टेबलावरची पट्टी घेऊन, त्यांच्यासमोर, मी वर्तुळे मोजली. सगळी बरोबर होती, आणि मधला दहा गुणांचा ठिपका छर्ऱ्याने पूर्ण गिळला होता. त्यांच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, मी लिहिले: दहा.