बोडक्यावरचा दाणा

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याशी गप्पा मारत बसू नये, त्याने रात्रभर वापरलेली चादर बघावी. नाकमुरडी कित्येक वर्षं तेच करत होती. डोंगराच्या पायथ्याशी जेवढी म्हणून हॉटेलं होती, त्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं तिच्या लाँड्रीत यायचं आणि प्रत्येक गाठोडं ती नाक मुरडूनच सोडायची. केसांचे गुंते, नखांचे तुकडे, उशीवर लाळेचे डाग, आणि टॉवेल तर बूट पुसायलाच दिलेला असतो अशी अर्ध्या जगाची समजूत. येताना हे लोक कसे कडक इस्त्रीत, सेंट मारून येतात! जाताना मागे काय ठेवून जातात ते मात्र मशीनच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईने निस्तरायचं.

नाकमुरडी हे नाव तिच्या नणंदेने ठेवलेलं. नणंद लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर असायची, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. बाहेर चहा प्यायची वेळ आली तर वहिनी कप डाव्या हातात धरून उलट्या बाजूने प्यायची, कारण उजव्या बाजूला सगळ्या गावाचे ओठ लागलेले. बसमध्ये दांडी धरायच्या आधी बाही खाली ओढायची. कोणी कौतुकाने गालाला हात लावला, तर ती जागा तिला संध्याकाळपर्यंत जाणवत राहायची.

‘वहिनी, तू माणसाच्या जन्माला यायलाच नको होतंस,’ नणंद म्हणायची. ‘साबणाच्या वडीच्या जन्माला यायला हवं होतंस.’

आता अशा बाईला आवडावं काय? तर दगड. लाँड्री मुळात तिच्या वडिलांची. मागच्या उतारावर घराएवढाले ग्रॅनाइटचे धोंडे पसरलेले होते आणि वडील कपडे वाळवायच्या दोऱ्या या धोंड्यावरून त्या धोंड्यावर बांधायचे. घरात शिडी होती, पण ती कायम कोणीतरी मागून नेलेली. मग पोरीला सांगायचे, ‘चढ ग.’ पोर अनवाणी चढायची, गाठ मारायची, आणि खाली यायचं सोडून वर बसून राहायची. उन्हाने तापलेला, पावसाने धुतलेला, बर्फाने घासलेला तो दगड. त्याला घाम येत नाही, तो थुंकत नाही, शिंकत नाही. हात लावल्यावर हात धुवावासा वाटत नाही अशी जगात एवढी एकच वस्तू तिला सापडली होती, आणि ती तिने आयुष्यभर धरून ठेवली.

पुढे चढणारे लोक आले. दोर-बिर काही नाही, धोंड्याखाली जाडजूड गादी टाकायची, हाताला खडूची पूड लावायची आणि बोटांवर लटकत वर जायचं. नाकमुरडी त्यांच्यात गेली, कारण चढायला तिला त्यांच्याइतकंच यायचं, किंबहुना जास्तच. पण लोक कसले ते! त्यांचे ते आवळ बूट काढले की दहा पावलांवरचं गवत माना टाकेल असा वास. केळ्याच्या साली, बोटांना गुंडाळून फेकलेल्या पट्ट्या, आणि धोंड्याआड टिश्यू पेपर. निसर्गावर आमचं भारी प्रेम, म्हणायचे. प्रेम करतात आणि त्याच्या मागे जाऊन बसतात. रविवारी संध्याकाळी ती हातमोजे घालून त्यांची घाण गोळा करायची आणि शिव्या द्यायची.

एक गोष्ट मात्र तिने त्यांच्याकडून घेतली, ती म्हणजे त्यांचा नियम. दगड आहे तसा घ्यायचा. पकड लहान असली तर लहान, टोचत असली तर टोचू दे, दगडाला लोखंड लावायचं नाही. आपण लावलेली पूडसुद्धा मऊ ब्रशने झाडून यायची. जमत नसेल तर गुपचूप घरी जायचं आणि पुढच्या वर्षी परत यायचं. हा नियम तिला इतका पटला की शिकवणारे सैल पडले तरी ती पडली नाही. एकदा एक पाहुणा पकडीवरची बुरशी तारेच्या ब्रशने घासताना दिसला, तर तिने चारचौघांत त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. ‘घरी आईचे दातसुद्धा यानेच घासतोस का?’ म्हणाली. तो बिचारा गादी गुंडाळून गेला तो पुन्हा या डोंगरात फिरकला नाही.

तर या बाईचा जीव अडकला होता बोडक्यावर. बोडका म्हणजे लाँड्रीच्या वरच्या अंगाला उभा असलेला धोंडा, नावाप्रमाणेच गुळगुळीत. त्याची समोरची बाजू आजवर कोणीच चढलेलं नव्हतं. खालचा भाग तिला पाठ होता. अडायचं ते शेवटच्या झेपेला. तिथे पकडायला फक्त एक गारगोटीचा दाणा होता, मुगाएवढा, दगडातून जेमतेम वर आलेला. त्यावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवायची, सगळा भार त्यावर टाकायचा आणि डावा हात वरच्या काठाला मारायचा. बस्स. तेवढ्यासाठी ती दर थंडीत पडत होती. थंडीतच, कारण तेव्हा कातडी कोरडी असते आणि दगड धरून ठेवतो. तो दाणा तिच्या बोटांना तिच्या स्वतःच्या दातांइतका ओळखीचा झाला होता. डावीकडे त्याला बारीकशी धार होती आणि खाली किंचित उतार.

त्या वर्षी हाडांच्या डॉक्टरांनी तिची ती दोन बोटं वाकवून बघितली आणि म्हणाले, शिरा झिजल्यात, ही थंडी काय ती, पुढे हट्ट केलात तर बटणसुद्धा लावता येणार नाही. ती घरी आली, बादलीत बर्फ टाकला आणि बोटं बुडवून बसली. तिला हे एकच चढायचं होतं, आणि हीच थंडी उरली होती.

नवरा समोर बसून बघत होता. तो ओटेवाला. गावात आणि आसपास ज्या कोणाच्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा असेल, तो यानेच कापून, घासून, बसवून दिलेला. कानात दगडाची पूड, भुवयांवर पूड, बोलणं कमी. शाळेत दोघं एका बाकावर होते, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. आणि नवल ऐका, ज्या बाईला सगळ्या जगाची किळस, तिला या माणसाचा घाम चालायचा. त्याच्या ताटातलं ती खायची, त्याच्या टॉवेलला हात पुसायची. रविवारी तो तिच्याबरोबर बोडक्याखाली जायचा, गादी सरकवायचा, आणि ती पडली की फक्त ‘लागलं?’ एवढंच विचारायचा.

काही दिवसांनी, चांगली कोरडी थंडी पडलेली बघून, ती सकाळी एकटीच वर गेली. नवरा म्हणाला होता, तू हो पुढे, मी येतोच. गादी टाकली, चढली, शेवटच्या झेपेला उजवा हात वर टाकला आणि बोटं आत गेली. आत! दोन पेरं, आरामात, डब्यात हात घालावा तशी. ती चढलीच नाही पुढे, हात सोडून खाली उडी मारली. मग परत वर गेली आणि त्या खोबणीच्या कडेवरून बोट फिरवलं. कड गोल केलेली होती, टोचू नये म्हणून पॉलिशसुद्धा मारलेलं. ती गोलाई तिला माहीत होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला तीच होती, रोज फडकं फिरवायची ती त्यावरून.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणावं, तर आग नव्हती ती. मळमळ होती. आपल्या तोंडातला घास कोणीतरी आधी चावून दिलाय, असं काहीतरी. ती धोंड्याच्या कडेला जाऊन ओकली.

कारखान्यात तो कटरवर पाणी सोडून फरशी कापत होता. तिला बघितल्यावर मशीन बंद केलं. चेहरा असा, जसा वाढदिवसाची भेट दिलेल्या माणसाचा असतो.

‘काय ग, झालं?’

‘कोणी सांगितलं होतं तुला?’

‘कोणी कशाला सांगायला पाहिजे. रोज बर्फात बोटं घालून रडतेस. मला डोळे आहेत.’

‘तू दगड कोरलास.’

‘अग, मी रोजच कोरतो.’

‘तो ओटा असतो.’

‘मग ओटा काय आभाळातून पडतो? त्याच डोंगरातला आहे.’

तिला जास्तच किळस आली. त्याने हात पुसून तिच्या खांद्यावर ठेवला. ‘हात लावू नकोस,’ ती म्हणाली, आणि घरी जाऊन तिने त्याचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगला. ताट वेगळं काढलं. तो जेवताना समोर बसला की तिला त्याच्या नखांतली पूड दिसायची, आणि ही आपल्या बोडक्याची पूड, या विचाराने ती अर्धं ताट तसंच सारायची.

नणंदेने एकदा इस्त्री आदळून विषय काढलाच. ‘वहिनी, लोकांचे नवरे पिऊन येतात. आमचा दादा तुझ्यासाठी दगड कोरून आला. कुठे फेडशील हे पाप?’

‘तुला नाही कळायचं.’

‘नाहीच कळत. पण मग सांग ना सगळ्यांना, त्या ब्रशवाल्याचं सांगितलंस तसं.’

आता इथे गंमत बघा. नाही सांगितलं तिने. चारचौघांत दुसऱ्याच्या आईचे दात काढणारी ही बाई मूग गिळून बसली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! वर जाऊन तिने त्या खोबणीत माती दाबली, कोणाला दिसू नये म्हणून. दबक्या पावलांनी गेली आणि तशीच आली, आणि येताना स्वतःच्याच हाताचा वास तिला सहन होईना. थंडी तिकडे सरत चालली होती. दुपारी दगड तापायला लागला होता.

शेवटी ओटेवालाच बोलला. पाठमोरी भांडी घासत होती ती. ‘भरून देतो,’ म्हणाला. ‘त्याच दगडाची पूड मसाल्यात कालवून. तडा गेलेले ओटे भरतो की मी, मालकाला दाखवूनही दिसत नाही. होता तसा होईल. मग तू चढ, नाहीतर पड, मी परत हात लावणार नाही.’

तिने हातातलं ताट विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, ‘उद्या.’

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोबणी नाहीशी झाली होती. काम त्याचंच ते. मसाला सुकल्यावर त्याने पाणी लावून घासलं, आजूबाजूच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांशी ठिपके जुळवले. डोळ्याला दिसेना, बोटाला लागेना. तिला क्षणभर बरं वाटलं. त्याच्याकडे बघून ती म्हणालीसुद्धा, ‘पाणी पी.’ मग पूड लावली आणि चढली. सगळं पाठ होतं, पाय आपोआप पडत गेले. शेवटच्या झेपेला उजवा हात वर गेला आणि दोन बोटं नुसतीच घसरत खाली आली. ती गादीवर पडली. पुन्हा चढली, तिथेच हात फिरवला, पुन्हा पडली.

‘दाणा कुठे आहे?’

‘कसला दाणा?’

‘तिथे दाणा होता. गारगोटीचा. मुगाएवढा.’

ओटेवाल्याने कपाळ खाजवलं. ‘हां, तो. तो वर आलेला होता ग. टोचला असता तुला. म्हणून आधी तोच उडवला.’

वर आलेला दाणा म्हणजे दगडातली खोट, एवढंच त्याला ठाऊक. जन्मभर त्याने असे दाणे उडवण्याचेच पैसे घेतले होते. त्या अख्ख्या बोडक्यावर धरता येण्यासारखी ती एकच गोष्ट होती हे त्याला कसं कळावं, आणि तिनेही कधी त्याला हात धरून दाखवलं नव्हतं. ती गादीवर पाय पसरून बसून राहिली. खोबणी ठेवली असती तर चढण चोरीची, भरली तर चढणच उरली नाही. तिला रडू नाही आलं. सगळ्याचीच शिसारी आली. त्याची, मसाल्याच्या उग्र वासाची, त्या डॉक्टरची, आपल्या बोटांची.

तो तिच्याजवळ उकिडवा बसला. खिशातून एक कागदाची पुडी काढली आणि उलगडली. आत गारगोटीचे दाणे होते, लहान-मोठे, ओट्याच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले. ‘बसवून देतो,’ म्हणाला. ‘मसाला दगडाहून घट्ट धरतो. कुठे होता तेवढं सांग.’

‘नको.’

‘अग, वाढवत नाही काही. होता तो परत ठेवतोय.’

‘नको म्हटलं ना.’

तो पुडी तशीच उघडी धरून राहिला. ऊन बोडक्याच्या माथ्यावरून खाली सरकायला लागलं होतं, आठवडाभरात दगड दिवसभर गरम राहणार होता. ती उठली. त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर पोचली आणि बोट टेकवलं. ‘इथे. नाही, जरा डावीकडे. धार या अंगाला.’

खाली आली. त्याने पुडीतले दाणे एकेक करून तिच्यापुढे धरले. पहिला बारीक होता. दुसरा अगदी तसाच, तो बघितल्याबरोबर तिच्या बोटांना ओळख पटली. ती काही बोलली नाही. मग त्याने तिसरा उचलला, चांगला वाटाण्याएवढा, आणि वरच्या बाजूला छान खाच असलेला.

‘एवढा होता?’

‘हो,’ ती म्हणाली, ‘एवढाच.’

त्याने मसाला कालवायला घेतला. सुकायला बराच वेळ लागणार होता, तरी ती बूट घालायला बसली.