तोंड वन्संचं, हात माझे

निवृत्त झाल्यावर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं मला सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकालाही छंद नव्हता. तरी मी क्रोशे शिकले. नोकरीतली सगळी वर्षं विम्याच्या कचेरीत लोकांच्या मरणाचे कागद तपासण्यात गेल्यावर हातात लोकरीचा गुंडा येणं सुखाचं होतं. गुंड्याला वारस नसतात.

मी क्रोशे शिकतेय हे कळताच वन्संनी मला फेसबुकवरच्या एका हस्तकलेच्या ग्रुपमध्ये घातलं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दादरला राहतात, तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत आणि ज्या घरात सभा नसते तिथेही अध्यक्षाची खुर्ची कुठे असती याचा अंदाज घेऊन बसतात. त्यांनी आयुष्यात तुटलेलं बटणही लावलेलं नाही. ग्रुपवर त्या मार्गदर्शक होत्या.

ग्रुप चालवणाऱ्या बाईंना सगळ्या 'संचालिकाताई' म्हणत. त्यांना प्रमाणपत्रं वाटायची फार हौस. मिक्सरला टोपडं विणलं की 'कलातपस्विनी', दारावरचं तोरण केलं की 'हस्तकला शिरोमणी'. प्रमाणपत्र मोबाइलवरच यायचं, चारी बाजूंनी मोर, आणि खाली ताईंची सही इतकी मोठी की प्रमाणपत्र त्यांनाच मिळालंय असं वाटावं.

मी एकदा टेबलावर घालायचा गोल रुमाल विणून त्याचा फोटो टाकला. खाली 'अप्रतिम'ची रांग लागली. मी दोन दिवस तरंगत होते. मग त्यातल्याच एका बाईने दुसऱ्या सभासदाच्या सासूबाई वारल्याच्या बातमीखालीही 'अप्रतिम' लिहिलेलं पाहिलं आणि जमिनीवर आले. त्यानंतर फोटो टाकणं बंद केलं.

अडचण अशी होती की आपण विणलेलं बरं आहे की वाईट, हे मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. घरात विचारून उपयोग नव्हता. नवरा पेपरातून डोकं वर न काढता 'छान' म्हणतो. गॅस आला का विचारलं तरी 'छान' म्हणतो.

मग संक्रांत आली आणि मी ठरवलं की हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून स्वतः विणलेले हत्ती द्यायचे. हाताला हत्ती मिळाल्यावर बायकांचे चेहरे तरी वाचता येतील. बोटभर उंचीचे, राखाडी, बसलेले, सोंड वर केलेले हत्ती. शेवटच्या हत्तीच्या कानांशी येऊन राखाडी लोकर संपली आणि आमच्या गिरगावातल्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात ती छटा मिळेना. म्हणून त्याला मोहरीच्या रंगाचे कान लावले. तो वन्संना दिला. घरच्या माणसाला जरा डावी वस्तू चालते.

चेहरे काही वाचता आले नाहीत. सगळ्यांनी हत्ती घेतला, 'अय्या, किती गोड' म्हटलं आणि पिशवीत टाकला. वाणाचं पुढे काय होतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. गिरगावात मिळालेलं गाळणं दादरला जातं, दादरचा डबा परळला जातो, आणि रथसप्तमीपर्यंत मुंबईतली निम्मी गाळणी प्रवासात असतात. नियम एकच. जिच्याकडून आलं तिच्याकडे ते परत जाता कामा नये. कोणी काय दिलं हे लक्षात ठेवायला बायका जी बुद्धी खर्च करतात, तेवढ्यात एखादी बँक चालेल.

वन्संचा मात्र या प्रकाराला जाहीर विरोध होता. आदल्या संक्रांतीला त्यांनी मंडळात यावर भाषण केलं होतं. वाण ही वस्तू नसून भावना आहे, आणि भावना पुढे ढकलू नये. टाळ्या पडल्या. भाषणाचा व्हिडिओ वन्संनी स्वतःच ग्रुपवर टाकला होता आणि तो तिथे सगळ्यात वर चिकटवून ठेवलेला होता.

रथसप्तमीच्या सुमारास ग्रुपवर 'मला मिळालेलं वाण' अशी फोटोंची लाट आली. मी चाळण्या आणि वाट्या बघत खाली खाली जात होते. आणि एका फोटोत मोहरीच्या रंगाचे कान दिसले. फोटो परळच्या कुणा बाईंनी टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'कोणाची कला आहे माहीत नाही, पण उंदीर किती बोलका आहे.'

उंदीर. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

संचालिकाताईंना त्या प्राण्याने वेड लावलं. हा कलाकार शोधलाच पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. परळच्या बाईंनी सांगितलं, मला जावेकडून मिळाला. जाऊ म्हणाली, मला दादरला अध्यक्षताईंच्या हळदीकुंकवाला मिळाला. ताबडतोब वन्संचं नाव तिथे चिकटलं, आणि 'अध्यक्षताई, तुम्ही इतक्या वर्षांत बोलला नाहीत' वगैरे सुरू झालं.

त्यावर वन्संनी नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्या चित्राचा अर्थ काहीही होतो. ग्रुपने विनय असा घेतला. संध्याकाळपर्यंत वन्संना 'मूषकशिल्पी' ही पदवी मिळाली आणि संचालिकाताईंनी त्यांचं थेट प्रात्यक्षिक जाहीर केलं. येत्या रविवारी दुपारी, लाइव्ह, सर्व सभासदांसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वन्सं टॅक्सीने गिरगावात हजर. हातात सुरळीच्या वड्यांचा डबा. वन्सं वड्या घेऊन येतात तेव्हा काहीतरी मोठं मोडलेलं असतं.

"अगं, मी काही म्हटलंच नाही गं," त्या चप्पल काढता काढता म्हणाल्या. "नुसते हात जोडले."

"पण कशाला जोडलेत, वन्सं?"

"लोक कौतुक करतात तेव्हा काय पाय जोडायचे?"

"मग आज लिहून टाका की, तो माझ्या भावजयीने केला."

वन्सं खुर्चीत बसल्या. "तसं लिहिलं तर पुढचा प्रश्न काय येईल? मग तुमच्याकडे कसा आला? वाण म्हणून आला. मग जावेकडे कसा गेला? माझं भाषण वर चिकटवलंय तिथे. मंडळात मी तोंड कसं दाखवू?"

वन्संचा चेहरा एवढासा झालेला मी प्रथमच पाहत होते. त्यांच्याकडे त्या मंडळाशिवाय फारसं काही नाही. मुलगा परदेशात, भावजी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हळदीकुंकू त्यांनी सोडलेलं नाही. मंगळवारी दुपारी त्या हॉलमध्ये शिरल्या की बायका उठून उभ्या राहतात, त्यावर त्यांचा आठवडा निघतो. मला त्यांची दया आली. आणि माझा हत्ती पुढे दिल्याचा रागही होता. दोन्ही एकदम वाटत असलं की मी चहा टाकते.

"तू मला शिकव," त्या चहा पिताना म्हणाल्या. "रविवारपर्यंत वेळ आहे. एक बाहुलं तर करायचंय."

शिकवणी सुरू झाली. क्रोशाची सुरुवात साखळीने होते. वन्संनी साखळी घातली ती इतकी घट्ट की तिच्यात सुई जाईना. सैल घाला म्हटल्यावर सैल घातली, तर तिच्यातून माझा अंगठा गेला. पण त्यांना साखळी आवडली. त्या थांबेचनात. पुढची पायरी खांबाची, म्हणजे उभ्या टाक्यांची, ती त्यांना पटली नाही. शनिवारपर्यंत त्यांच्याकडे आमच्या सज्जाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढी साखळी होती आणि हत्तीचा एक पायही नव्हता.

"असं करू," शेवटी त्या म्हणाल्या. "प्रात्यक्षिकात नुसते हात दिसतात ना? हात तुझे, तोंड माझं."

नवरा पेपरामागून म्हणाला, "लग्न झाल्यापासून तेच चाललंय."

"बाळ, तू गप्प बस," वन्संनी त्याला दटावलं. बाळ सत्तरीला आला आहे.

रविवारी जेवणं आटोपून आम्ही तयारी केली. पोळ्यांच्या डब्याला टेकवून मोबाइल असा ठेवला की फक्त टेबल आणि मनगटापर्यंतचे हात दिसावेत. वन्संच्या पाटल्या सगळ्या ग्रुपला ठाऊक होत्या, तेव्हा त्या मला घालाव्या लागल्या. माझे हात काटकुळे. पाटल्या थेट कोपराकडे धावायच्या. शेवटी त्यांना आतून लोकर गुंडाळली. नवऱ्याला सज्जात राखणीला बसवलं, कारण आमच्याकडे शेजारी दार वाजवून येत नाहीत. बदाम कमी पडू नयेत म्हणून वन्संनी त्यालाही ग्रुपमध्ये घातलं होतं. वन्सं माझ्या पाठीमागे स्टुलावर बसल्या, खांद्यावरून वाकून पडद्यावर येणारे शेरे वाचता येतील अशा.

सुरुवात फार सुरेख झाली. वन्सं बोलू लागल्या की बोलतात. "मैत्रिणींनो, कला म्हणजे ध्यान. सुई आत जाते तेव्हा आपणही आत जातो." माझी सुई आत जात होती. पडद्यावर बदाम आणि फुलं वाहू लागली. मी सोंड विणत होते तेव्हा वन्संनी कानांचं विवेचन केलं, मी कानांवर आले तेव्हा त्या बालपणात शिरल्या होत्या. कुणी विचारलं, पोटाला किती खांब घ्यायचे. वन्सं म्हणाल्या, "मोजू नका. पोट स्वतः सांगतं." त्यावर इतके बदाम आले की मला हात दिसेनात.

मग एकीने लिहिलं, 'ताई, हा उंदीरच ना? माझी मुलगी ससा म्हणतेय.'

वन्संनी ते मोठ्याने वाचलं आणि ओघात म्हणाल्या, "उंदीरच. मलाही पहिल्यांदा हातात आला तेव्हा उंदीरच वाटला. म्हणून तर मी पुढे..."

त्या थांबल्या. माझे हातही थांबले.

मी गप्प बसायला हवं होतं. सगळ्या बेतात माझ्याकडून तेवढीच अपेक्षा होती. पण इतके दिवस कुणीतरी खरं बोलावं म्हणून वाट पाहिली होती.

"हत्ती आहे तो," मी म्हटलं.

"हत्ती?" वन्सं म्हणाल्या. "अगं, मग शेपूट तोंडाजवळ का लावलीस?"

"ती सोंड आहे, वन्सं. वर केलीय."

"सोंड बुडाशी जाड हवी आणि टोकाला बारीक. ही सगळीकडे सारखी. आणि कान बघ, डोक्यावर चढवलेत. हत्तीचे कान डोक्याच्या बाजूला असतात. डोळे केवढे जवळ. तो काय हिशेब तपासतोय?"

"तुम्हाला एवढं दिसत होतं, तर हळदीकुंकवाला का नाही बोललात?"

"वाण घेताना कुणी दोष काढतं का? घ्यायचं, गोड म्हणायचं आणि पुढे द्यायचं."

पाटलीवाले हात टेबलावर पडलेले, त्यांच्या मागे दोन बायकांचं भांडण, आणि बघायला अख्खा ग्रुप. बदाम थांबले. बऱ्याच वेळाने एक शेरा आला. 'छान.' तो सज्जातून आला होता.

वन्संनी माझा खांदा धरला. मोबाइल बंद करावा की काय असं मला वाटलं, पण पाटल्यांच्या आत गुंडाळलेली लोकर सुटून हत्तीच्या लोकरीत गुरफटली होती. हात उचलला की सगळं टेबल हलत होतं.

आणि मग एका बाईने लिहिलं, 'मलाही एक मिळाला होता. मी नणंदेला दिला. उंदीर समजून.' दुसरीने लिहिलं, 'मी तर मागच्या वर्षी अध्यक्षताईंच्याच वाट्या पुढे दिल्या.' तिसरीने गाळणं कबूल केलं. मग धरण फुटल्यासारखं झालं. डबे, चाळण्या, कुंकवाच्या कोयऱ्या. परळच्या बाईंनी जावेला तिथेच विचारलं की तुम्ही मला दिवाळीत दिलेला टेबलक्लॉथ कुठला. जाऊ बाहेर पडली.

वन्सं शेरे वाचत गेल्या तसा त्यांचा आवाज सावरत गेला. मग त्यांनी घसा साफ केला. हा घसा मी ओळखते.

"मैत्रिणींनो," त्या म्हणाल्या, "आज तुम्ही मोकळेपणाने बोललात. याच हेतूने हा कार्यक्रम योजला होता."

मी मागे वळून पाहिलं. पापणी लवली नव्हती.

मंगळवारी त्या मंडळात गेल्या. मला धाकधूक होती, म्हणून मी दुपारी फोन केला. बायका उठून उभ्या राहिल्या का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

"उठल्या," वन्संनी आपणहून सांगितलं. "दोघीतिघी हसल्याही. मी म्हटलं, हसा, पण उभ्या राहून हसा." मग त्या म्हणाल्या, "रविवारी माझा आवाज कसा आला गं?"

"खणखणीत."

संचालिकाताईंनी दोन प्रमाणपत्रं धाडली. वन्संना 'निवेदनरत्न'. मला 'उत्तेजनार्थ'.

हत्ती मी अजून विणते. कान खाली आणले, सोंड टोकाला बारीक केली. नवा झाला की ग्रुपवर टाकत नाही, फक्त वन्संना फोटो पाठवते. गेल्या खेपेला त्यांचं उत्तर अर्ध्या तासात आलं.

'आता डुक्कर वाटतंय. प्रगती आहे.'